रोजच्या गोळीला सुट्टी नसते

व्यसनमुक्ती म्हटलं की मराठी वाचकाला पहिलं आठवतं ते पुण्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये ते उभं केलं आणि 'गर्द', म्हणजे ब्राउन शुगर, हा शब्द अवचटांच्या लेखणीतून घरोघरी पोचला. आमच्या वऱ्हाडात व्यसनाविरुद्धची हाक त्याच्याही आधीची. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले, तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव तेच सांगितलं. सगळ्यांचं मागणं एकच होतं, व्यसन सोडा.

ते मागणं रास्तच आहे. पण जो माणूस नशा सुईने नसेत घेतो, आज ती सोडू शकत नाही, तीनदा सोडून चौथ्यांदा तिच्याकडेच वळला आहे आणि मधल्या काळात दुसऱ्याने वापरलेल्या सिरिंजने टोचून घेतो आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे? जगभर त्याच्यासाठी ज्या सेवा उभ्या राहिल्या त्यांना हानी कमी करण्याच्या सेवा म्हणतात. व्यसन सुटायचं असेल तर आधी माणूस जगला पाहिजे, एवढाच त्यांचा साधा पाया आहे.

या सेवांचा उपयोग होतो का, हा वाद गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या अभ्यासाने बहुतांशी मिटवला आहे. न सुटलेला प्रश्न वेगळा आहे. त्या सुरू होतात आणि मग बंद पडतात. त्या टिकवायच्या कशा? त्याचाच हा आढावा. तो घेताना नजर मुंबई-दिल्लीवर न ठेवता अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर-परतवाड्यासारख्या जुळ्या गावावर ठेवतो आहे. धोरण राजधानीत ठरत असलं तरी त्याची खरी परीक्षा तालुक्याच्या गावात होते.

सेवा म्हणजे नेमकं काय

पहिली गोष्ट सुई आणि सिरिंज. आउटरीच वर्कर आणि पीअर एज्युकेटर, म्हणजे स्वतः कधीकाळी याच वाटेने गेलेला माणूस, पुलाखाली, पडक्या इमारतीत, रेल्वेच्या रुळांकडेला जाऊन नव्या सिरिंज देतात आणि वापरलेल्या परत घेतात. परत आलेल्या सुया भोक न पडणाऱ्या डब्यात जमा होतात, केंद्रावर त्या तोडून निर्जंतुक केल्या जातात. त्याचबरोबर माणसाला हेही सांगितलं जातं की फक्त सुई वेगळी असून भागत नाही. पावडर विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस आणि पाणी चौघांत एकच असेल तर हिपॅटायटिस सी त्या कापसातूनही पसरतो. चुकीच्या जागी टोचल्याने हातापायाला गळवं होतात, त्यांची मलमपट्टी करणारी नर्स हवी. एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि क्षयाची तपासणी हवी आणि पुढच्या उपचारापर्यंत हात धरून नेणारं कोणी तरी हवं.

दुसरी गोष्ट पर्यायी औषधाची, म्हणजे ओएसटीची. हेरॉइन उतरू लागलं की आठ-बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, हाडं फोडून काढल्यासारखी दुखणं सुरू होतं. मुंबई-पुण्याकडे या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. टर्की टाळण्यासाठी माणूस चोरी करतो, घरची भांडी विकतो, हाताला लागेल ती सुई वापरतो. ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध दिवसातून एकदा जिभेखाली ठेवलं की टर्की येत नाही आणि झिंगही चढत नाही, त्यामुळे माणूस कामावर जाऊ शकतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, केंद्रात ०.४ आणि २ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात. नर्स ठरलेल्या मात्रेच्या गोळ्या मोजते, त्यांची पूड करून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते, ती विरघळेपर्यंत त्याला समोर बसवते आणि शेवटी तोंड उघडायला लावून बघते. नोंद होते, माणूस निघून जातो. उद्या पुन्हा तेच. रविवारी, पोळ्याला आणि दिवाळीलाही तेच.

या 'उद्या पुन्हा' मध्ये सगळी गोम आहे. औषध चालू असताना अशा रुग्णांच्या मृत्यूचं प्रमाण औषधाबाहेर असतानाच्या निम्म्याहून कमी असतं, असं २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की औषध सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. शरीराची सवय मोडलेली असते, माणूस जुन्याच मात्रेने टोचून घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून या उपचारात खंड पडणं ही प्रशासकीय गैरसोय समजू नये. खंड जीव घेऊ शकतो.

मणिपूर, मुंबई आणि आकडे

सुईतून येणाऱ्या धोक्याचा धडा भारताला मणिपूरने दिला. १९८९-९० मध्ये तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही शून्यातून वर्षभराच्या आत जवळपास निम्म्या लोकांपर्यंत पोचला. सुईची साखळी किती वेगाने पेटते हे तेव्हा देशाने पाहिलं. महाराष्ट्रात हानी कमी करण्याचं काम मुंबईत रुजलं. एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट सुरू केला. रस्त्यावर राहणाऱ्या, घराने टाकलेल्या, रुग्णालयाच्या दारातून परत पाठवलेल्या माणसांपर्यंत ही संस्था सुई-सिरिंज, मलमपट्टी आणि ब्यूप्रेनॉर्फिन घेऊन गेली. नाकोने तिसऱ्या टप्प्यात, २००७ पासून, हे काम राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग केलं. २०१२ च्या सुमारास मेथाडोन या दुसऱ्या पर्यायी औषधाची चाचणी देशात मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत मुंबईचं केईएम रुग्णालय होतं. ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत.

सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात देशात सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आली. ज्या राज्यांत ही संख्या जास्त, त्यांच्या यादीत पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश, मणिपूर यांच्याबरोबर महाराष्ट्राचंही नाव आहे. टोचून घेणाऱ्यांत जितके हेरॉइनचे, साधारण तितकेच औषधाच्या दुकानातल्या वेदनाशामक इंजेक्शनांचे. लहान गावांच्या दृष्टीने हा तपशील मोलाचा आहे. हेरॉइनला तस्कर लागतो, इंजेक्शनला मात्र चिठ्ठीशिवाय औषध देणारं एखादं दुकानही पुरतं.

नाकोच्या २०२१ च्या पाहणीत या गटात एचआयव्हीचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं. देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे फरक चाळीसपटीहून जास्त. आणि ही आग त्या गटापुरती राहत नाही. ती घरात बायकोपर्यंत जाते, पोटातल्या बाळापर्यंत जाते.

बंद पडल्यावर काय होतं

रोमानियात या सेवा ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशावर चालत. २०१० मध्ये ते अनुदान संपलं आणि सरकारने ती जागा वेळेत भरली नाही. त्याच सुमारास दिवसातून अनेकदा टोचून घ्यायची नवी नशाही तिथे पसरली. आधी नव्या एचआयव्ही रुग्णांत सुईवाल्यांचा वाटा टक्का-दोन टक्के असे, तो २०१३ पर्यंत तीस टक्क्यांच्या घरात गेला. युरोपीय संघाचा सभासद असलेल्या देशात हे घडलं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची स्कॉट काउंटी आपल्याला जास्त जवळची वाटावी. तिथलं ऑस्टिन हे चारेक हजार वस्तीचं गाव. लोक वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेत होते. २०१५ मध्ये तिथे एका वर्षाच्या आत एचआयव्हीचे १८० हून अधिक नवे रुग्ण सापडले. त्याआधी संपूर्ण काउंटीत वर्षाला पाचही सापडत नसत. सुई-सिरिंज केंद्राला राज्याच्या कायद्याने बंदी होती. आणीबाणी जाहीर करून केंद्र उघडावं लागलं, तेव्हा साथ आटोक्यात आली. आणि साथ आटोक्यात आल्यावर २०२१ मध्ये काउंटीच्या आयुक्तांनी केंद्र बंद करण्याचा ठराव केला. या सेवांचं हे जुनं दुखणं आहे. रुग्ण वाढले तर सेवा अपयशी म्हणायची आणि कमी झाले तर तिची गरज संपली म्हणायची.

आपल्याकडे या कार्यक्रमाचा मोठा भार केंद्र सरकार स्वतः उचलतं. नाकोच्या २०२१ ते २६ या पाचव्या टप्प्यासाठी १५ हजार ४०० कोटींहून अधिक रुपयांची तरतूद झाली. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा आफ्रिकेतल्या काही देशांसारखी आपली अवस्था झाली नाही. तरी अमेरिकी निधीवर चालणारी तृतीयपंथीयांसाठीची 'मित्र' क्लिनिक हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात बंद पडलीच. सरकारी पैसा आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. जुलै २०२२ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांना औषधांच्या तुटवड्याविरुद्ध दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर अनेक दिवस धरणं धरावं लागलं. पैसा मंजूर असणं आणि गोळी खिडकीवर असणं यांत निविदा, वाहतूक, जिल्ह्याचं भांडार आणि सहीसाठी थांबलेली फाइल असते.

त्यात संस्थांची आपली अडचण. टीआय, म्हणजे जोखमीच्या गटांसाठी संस्थांमार्फत चालणारे नाकोचे प्रकल्प, करारावर आणि हप्त्याहप्त्याने चालतात. हप्ता लांबला की आधी पीअर एज्युकेटरचं मानधन थांबतं. अड्ड्यावर ज्याच्या शब्दावर माणसं हात पुढे करतात तोच दुसरीकडे मजुरीला जातो. कागदावर केंद्र चालू असतं, प्रत्यक्षात सेवा थांबलेली असते.

कायदा दोन्ही हातांनी

अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा नशा करण्यालाच गुन्हा मानतो. हेरॉइन घेतल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याच्या ६४ अ कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून सूट आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. त्याच्या २२ व्या कलमाने सुई-सिरिंज देणं आणि पर्यायी औषध देणं या कामांना गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर ठेवलं. म्हणजे सिरिंज देणारा कार्यकर्ता कायद्याने सुरक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयात इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर २०११ मध्ये एनडीपीएसमधली सक्तीची फाशी रद्द झाली, तीही याच चळवळीची कमाई.

अडचण चौकीच्या पातळीवर आहे. ठाण्यात साहेब बदलले की समज बदलते. अड्ड्यावर धाड पडली की माणसं पांगतात, आउटरीच वर्करला आठवडाभर सापडत नाहीत आणि तेवढ्या दिवसांत एका सुईवर चौघे भागवतात. खिशात सिरिंज सापडली की मार पडेल या भीतीने माणूस ती परत आणून देत नाही, जिथे आहे तिथेच फेकतो, आणि मग ती शाळेच्या मैदानात सापडते. म्हणून ज्या गावाला आपल्या मुलांच्या पायाखाली सुया नको आहेत, त्यानेच परत घेणारं केंद्र मागायला हवं.

टिकलं कुठे

हे काम टिकू शकतं, याची उदाहरणं आपल्या देशातच आहेत. गेट्स फाउंडेशनच्या पैशावर २००३ मध्ये सुरू झालेला 'आवाहन' प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत होता. मणिपूर-नागालँडमध्ये त्याचं काम प्रामुख्याने सुईने नशा करणाऱ्यांत चाले. बाहेरचा पैसा कधीतरी जाणार हे गृहीत धरून तो टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला गेला. पगार, नोंदी, कामाची पद्धत आधीच सरकारी निकषांना जुळवून घेतली होती. हस्तांतरण ही शेवटच्या महिन्यात करायची गोष्ट नसते, हा त्यातला धडा.

पंजाबचा अनुभव आणखी उपयोगाचा. २०१० मध्ये तिथल्या काही सरकारी रुग्णालयांत ओएसटीची चाचणी झाली आणि ऑक्टोबर २०१७ पासून राज्याने गावपातळीवरच्या सरकारी दवाखान्यांत बाह्यरुग्ण म्हणून ब्यूप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन द्यायला सुरुवात केली. आज अशी शेकडो केंद्रं आहेत. तिथेही गोळ्या बाहेर विकल्या जाण्याचे आणि तुटवड्याचे प्रश्न आलेच. पण तालुक्याच्या रुग्णालयात, गर्दीच्या ओपीडीत, ताप-खोकल्याच्या रांगेशेजारी हा उपचार होऊ शकतो, हे पंजाबने दाखवून दिलं.

तिसरा धडा टाळेबंदीने दिला. रोज समोर बसवूनच गोळी द्यायची, हा नियम २०२० पर्यंत मोडणं अशक्य वाटत होतं. एसटी बंद, रस्ते बंद, म्हणून नाकोने काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची परवानगी दिली. ज्या नियमामुळे कितीतरी माणसं उपचार सोडून जात होती, तो सैल करता येतो हे अडचणीने शिकवलं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की सुई देणं म्हणजे नशेला हातभार. अभ्यास उलट सांगतात. सुई मिळाल्याने नशा करणारे वाढल्याचा पुरावा कुठे मिळालेला नाही. उलट केंद्रावर येणारा माणूस उपचाराच्या टेबलापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. पर्यायी औषधाने एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो. पुरेशा सुया आणि औषध दोन्ही मिळाल्यास हिपॅटायटिस सीचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने घटतो.

दुसरा, एक नशा काढून दुसरी लावली. मधुमेह्याला रोज इन्सुलिन लागतं म्हणून कोणी त्याला व्यसनी म्हणत नाही. मात्रा ठरलेली, देणारा हात जबाबदार, माणूस कामावर आणि घरी परतलेला, यालाच उपचार म्हणायचं.

तिसरा, पैसा. ऑस्ट्रेलियाने २००० ते २००९ या दहा वर्षांचा हिशोब काढला. सुई-सिरिंज केंद्रावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारखर्चातले चार डॉलर वाचले होते. एका एचआयव्ही रुग्णाला आयुष्यभर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, पुरवायची जबाबदारी ज्या सरकारने घेतली आहे, त्याला सिरिंज स्वस्तच पडते.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ब्यूप्रेनॉर्फिन हेरॉइन आणि तत्सम औषधांवरच चालतं. गेल्या काही वर्षांत राज्यात व्यायामशाळांच्या भोवती मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनांचा बेकायदा व्यापार सापडू लागला आहे. भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध तरुण पोरं ताकदीसाठी टोचून घेतात. त्यावर पर्यायी गोळी नाही. तिथे स्वच्छ सुई, हृदयाची तपासणी, समुपदेशन आणि औषधविक्रीवर करडी नजर हेच उपाय. हे पोरगं स्वतःला नशा करणारं समजत नाही, व्यसनमुक्ती केंद्राच्या पाटीकडे बघतही नाही. त्याच्यापर्यंत जायची वाट जिममधून जाते.

अचलपूरच्या जागेवरून

टीआय प्रकल्प मंजूर होतो तो भागात नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर. मोठ्या शहरासाठी हे गणित ठीक आहे. लहान गावात माणसं थोडी, विखुरलेली आणि ओळखीच्या नजरांतून लपलेली. मुंबईत गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. इथे बिलनपुऱ्यातला पोरगा रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिला तर संध्याकाळी परतवाड्यात कळतं. म्हणून नोंद कमी, नोंद कमी म्हणून प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही म्हणून नोंद होत नाही.

अमरावतीला जा, हे उत्तर नाही. पन्नासेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, तेही रोज. इथल्या फिनले मिलची चाकं २०२० च्या टाळेबंदीपासून थांबली. कोणी संत्र्याच्या बागेत, कोणी लाकडाच्या टालावर, कोणी हमालीवर. रोजंदारीवाल्याने गोळीसाठी रोज दिवस मोडायचा तर तो आठवडाभर येईल, पुढे येणार नाही. आणि परतवाड्यामागे मेळघाट आहे, चिखलदरा-धारणीचा माणूस आहे, पलीकडे बैतूलचा रस्ता आहे. त्यांतल्या अनेकांना जवळचं मोठं सरकारी दार म्हणजे अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय.

म्हणून लहान गावासाठी वेगळं केंद्र मागण्यापेक्षा रुग्णालयाच्या आहे त्या कामात हे काम विणून घेणं शहाणपणाचं. प्रशिक्षित डॉक्टर एकाऐवजी दोन, कारण एकाची बदली झाली की केंद्राला कुलूप लागतं. गोळी देणारी खिडकी क्षय आणि मधुमेहाच्या औषधांचीच असावी, म्हणजे रांगेतला माणूस ओळखू येत नाही. स्थिरावलेल्या रुग्णाला आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायची मुभा. किमान तीन महिन्यांचा साठा जिल्ह्यात. हिपॅटायटिस सीचं मोफत औषध २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, बहुतेकांना ते बारा आठवड्यांत बरं करतं, त्याची तपासणी त्याच खिडकीवर. बायकांसाठी वेगळी वेळ आणि शक्यतो बाई कार्यकर्ती, कारण पुरुषांच्या केंद्रात त्या पाऊल टाकत नाहीत. जास्त मात्रेने श्वास थांबलेल्याला परत आणणारं नॅलॉक्सोन अपघात विभागात हाताशी. आणि पीअर एज्युकेटरला रुग्णालयाच्या पगारपत्रकावर जागा. बाकी सगळं विकत घेता येतं, त्याच्यावरचा विश्वास विकत मिळत नाही.

हे समाजाच्या आधाराशिवाय होणार नाही, आणि त्या बाबतीत हा जिल्हा रिकाम्या हाताचा नाही. कुष्ठरोग्याला गावाबाहेर हाकलायचे त्या काळात, १९४६ मध्ये, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभं केलं. अचलपूर तालुक्यातल्याच वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलं नाव दिलं, त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघांनीही माणूस आधी लायक ठरवून मग जवळ घेतला नाही. मशिदीच्या कमिटीने, गणेश मंडळाने, नगरसेवकाने, ठाणेदाराने एवढं म्हटलं की या खिडकीवर येणाऱ्याला कोणी अडवायचं नाही, तर अर्धी लढाई तिथेच सर होते.

सरकारकडे मागणी करताना मोजमापही बदलायला सांगितलं पाहिजे. किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली, किती जणांनी शपथ घेतली, यावरून सेवा टिकली की नाही हे कळत नाही. दर महिन्याला तीन आकडे जाहीर व्हावेत: खिडकी किती दिवस बंद होती, गोळी किती दिवस नव्हती, आणि सहा महिन्यांपूर्वी सुरू केलेल्यांपैकी आज किती जण येत आहेत. अचलपूरच्या रुग्णालयात यातले पहिले दोन आकडे वर्षभर शून्य राहिले, तर तिसरा वाढेल. व्यसन सोडायचा निर्णय शेवटी ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. तो घेण्यासाठी लागणारे दिवस त्याला मिळवून देणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ते आपलं कर्तव्य आहे.